मैदान सुकलं की हॉकी: कोकणातल्या पालकांनी मुलांसाठी ऑफ-सीझन लीग कशी निवडावी

कोकणात हॉकीचं वेळापत्रक आणि आभाळाचं वेळापत्रक कधी जुळत नाही. शाळा जूनमध्ये भरतात, नेहरू चषक या शाळकरी मुलांच्या हॉकी स्पर्धेच्या आणि शालेय स्पर्धांच्या तालुका-जिल्हा फेऱ्या साधारण जुलै-ऑगस्टपासून लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्या शाळांच्या मैदानांवर घोटाभर पाणी साचलेलं असतं. मुलं सराव करतात कुठे? वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात, नाहीतर बाकं सरकवून सभागृहात. मैदान खेळण्याजोगं सुकतं ते दिवाळीच्या सुमाराला, आणि तोवर जिल्ह्याची फेरी उरकून विजेता संघ विभागीय स्पर्धेला जाऊनही आलेला असतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग शालेय खेळांसाठी कोल्हापूर विभागात येतात. तिथे समोर कोल्हापूर, सांगली, साताऱ्याची मुलं असतात आणि पाऊस नसतानाच्या महिन्यांत कोणी किती खेळलंय ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

म्हणून इतरांसाठी जो ऑफ-सीझन, तोच आपल्या मुलांचा खरा शिकण्याचा काळ. गेली चार वर्षं माझी लेक हॉकी खेळतेय. त्या काळात एक निवड अगदी चुकली, दोन बऱ्या ठरल्या आणि एक फारच चांगली निघाली. ज्यांच्या घरात यंदा पहिल्यांदा हॉकी स्टिक आली, त्यांच्यासाठी हे लिहितेय. सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न ठेवा: या लीगमध्ये माझ्या मुलाच्या स्टिकला बॉल किती वेळ लागणार?

आधी मूल, मग कॅलेंडर

पैसे भरण्याआधी एक संध्याकाळ मुलाशी नीट बोला. त्याला हॉकीच खेळायचीय की मित्र जातोय म्हणून जायचंय, हे समजून घ्या. मित्रासाठी जाणंही वाईट नाही, पण मग मित्र ज्या लीगला जातोय तीच निवडा. आणखी थोडी चांगली म्हणून दुसरीच शोधू नका.

दुसरं, त्याला विश्रांती हवी आहे का? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २०१६ मध्ये खेळाडू मुलांसाठी सल्ला दिला होता: आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षभरात, एकेका महिन्याच्या तुकड्यांत का होईना, एकूण तीन महिने आपल्या मुख्य खेळापासून दूर. मला हे पटलं ते लेकीची टाच दुखायला लागल्यावर. त्यामुळे दिवाळीपासून मेअखेरपर्यंतचा प्रत्येक आठवडा हॉकीने भरू नका. मधला एक महिना कबड्डी, पोहणं, आजोळच्या झाडांवर चढणं असं काहीही चालेल. कबड्डीतून आलेली पायांची चपळाई हॉकीत वाया जात नाही.

आता कॅलेंडर. आपल्याकडे तीन खिडक्या उघडतात. पहिली दिवाळीच्या सुट्टीची, छोटी. दुसरी जानेवारी ते शिमग्यापर्यंतची. माझ्या मते वर्षातली सगळ्यात चांगली हीच, कारण हवा थंड, मैदान कोरडं आणि संध्याकाळी शाळेनंतर दोन तास मिळतात. फक्त शनिवार-रविवारी खेळली जाणारी छोटी लीग या दिवसांत फार छान जमते. तिसरी खिडकी वार्षिक परीक्षेनंतरची, एप्रिल-मेची. बहुतेक शिबिरं याच काळात असतात.

आयोजकांचं वेळापत्रक हातात आलं की आधी शिमगा बघा. ज्या आठवड्यात पालखी गावात फिरते, त्या आठवड्यात सामने ठेवले असतील तर अर्धा संघ येणार नाही आणि उरलेल्यांचे सामने रद्द होतील. ज्याला हे माहीत नाही, त्याने इथल्या मुलांसाठी लीग आखलेली नाही. मेमध्ये चाकरमानी येतात, लग्नं असतात, आंबे काढायचे असतात. त्यामुळे २० दिवसांच्या शिबिरातले तुमचं मूल खरोखर किती दिवस जाईल, ते आधीच मोजा.

आणि पाऊस. २०२५ मध्ये मान्सून मे महिन्यातच येऊन थडकला आणि मेच्या शेवटच्या आठवड्यावर विसंबलेल्यांची मैदानं चिखलात गेली. मे महिन्यातल्या कोणत्याही लीगच्या आयोजकांना सरळ विचारा: पाऊस लवकर आला तर राहिलेल्या दिवसांचं काय? छपराखालची जागा आहे का? पैसे परत मिळतील का? हे उत्तर कागदावर घ्या.

‘लीग’ म्हणजे नक्की काय, ते विचारा

जाहिरातीत लीग, अकॅडमी, शिबिर, कप असे शब्द कसेही वापरलेले असतात. आत काय आहे, ते तुम्हीच उलगडून घ्यायचं.

पूर्ण हॉकीत एका बाजूला ११ खेळाडू, सामना १५ मिनिटांच्या चार भागांचा, म्हणजे ६० मिनिटं. मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. आता साधा हिशोब करा. ६० मिनिटांत २२ जणांमध्ये एक बॉल. सगळ्यांना सारखा मिळाला तरी प्रत्येकाच्या वाट्याला पावणेतीन मिनिटंही येत नाहीत. आणि सारखा तो कधीच मिळत नाही. जो जोरात पळतो, ज्याचा फटका लांब जातो, त्याच्याकडे बॉल जातो. सहावीतलं नवखं मूल राइट-आऊटच्या कोपऱ्यात उभं राहून लांबून खेळ बघतं.

तेच पाच विरुद्ध पाच खेळवलं तर त्याच एका तासात प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटं येतात. मैदान लहान असल्यामुळे बॉल सतत जवळ असतो आणि थांबवणं, वळणं, पास देणं या गोष्टी पुन्हापुन्हा कराव्या लागतात. हॉकी-फाइव्हज हा या खेळाचा आता अधिकृत प्रकार आहे. २०१८ च्या ब्यूनस आयर्स युवा ऑलिम्पिकमध्ये भारताच्या मुलांनी आणि मुलींनी त्यात रौप्यपदक मिळवलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये ओमानमध्ये त्याचा पहिला विश्वचषक झाला, तिथे आपल्या महिला अंतिम फेरीपर्यंत गेल्या. तेव्हा ‘छोट्या मैदानावरचं म्हणजे पोरखेळ’ असं मनातून काढून टाका. १३-१४ वर्षांपर्यंतच्या नवख्या मुलासाठी मी पाच किंवा सात जणांचीच लीग निवडेन, मग ११ जणांच्या स्पर्धेचा कप कितीही मोठा असो.

माझी चूक इथेच झाली होती. पहिल्या उन्हाळ्यात मी लेकीला जिल्ह्याबाहेरच्या एका निवासी शिबिराला पाठवलं. पत्रकावर रंगीत टी-शर्ट होता, शेवटी चषक होता, दहा दिवसांचा भरगच्च कार्यक्रम होता. शेवटच्या तीन दिवसांत सामने झाले. ती परत आली, टी-शर्ट घडी करून ठेवला आणि तीन सामन्यांत मिळून आपण ११ मिनिटं मैदानावर होतो, असं जेवताना सांगितलं. बाकी वेळ ती बाकावर बसून टाळ्या वाजवत होती. त्यानंतर पावसाळाभर तिने स्टिकला हात लावला नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण ‘प्रत्येक मुलाला किती वेळ खेळवता’ हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

तो विचारा. एका संघात किती मुलं? ११ च्या संघात २२ नावं असतील तर निम्मी मुलं बाहेर बसणार. प्रत्येकाला किमान अर्धा सामना खेळवण्याचा नियम आहे का? मुलांचे गट वयाप्रमाणे आहेत की ‘सगळे एकत्र’? शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. नेहरू चषकात मुलांचा १५ वर्षांखालील गट आणि मुला-मुलींचे १७ वर्षांखालील गट असतात. लीगचे गट याच्या जवळपास असले की मुलाला पुढे सोयीचं जातं. ११ वर्षांच्या पोराला १६ वर्षांच्या मुलाच्या फटक्यासमोर उभं करणाऱ्या ठिकाणाहून परत फिरा.

मैदान पायांनी तपासा

फोटोवर जाऊ नका. एका संध्याकाळी तिथे चपला काढून चाला.

आपली बहुतेक मैदानं जांभ्याच्या मातीची. रोलर फिरवलेलं, पाणी मारलेलं जांभ्याचं मैदान उत्तम असतं. पण वर बारीक खडी सुटलेली असेल तर बॉल अचानक उसळतो. हॉकीचा बॉल साधारण १६० ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या लेदर बॉलच्याच वजनाचा, आणि त्याहून टणक. तो गुडघ्यावर, दातांवर काय करतो हे वेगळं सांगायला नको. खडी झाडून काढण्याची, पाणी मारण्याची व्यवस्था रोज आहे का, हे बघा. लहान मुलांना सुरुवातीला हलका प्लास्टिकचा किंवा टेनिसचा बॉल देणारे सर मला आवडतात. त्यात कमीपणा काही नाही.

टर्फ हा वेगळाच खेळ आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी कृत्रिम मैदानावर गेली आणि आता विभागाच्या पुढे जाणाऱ्या मुलाला त्याची सवय लागतेच. टर्फवर बॉल जमिनीलगत आणि फार वेगाने येतो. मातीवर उभ्याने बॉल अडवणाऱ्या मुलाच्या स्टिकखालून तो निघून जातो. कंबरेत वाकायला, स्टिक आडवी टेकवून बॉल रोखायला शिकावं लागतं. पण त्यासाठी पहिल्याच वर्षी टर्फच्या मागे धावू नका. दोन वर्षं मातीवर हात बसला की वर्षातून आठ-दहा दिवस टर्फवर मिळाले तरी पुष्कळ फरक पडतो. दक्षिण सिंधुदुर्गातल्यांना बांदा ओलांडलं की म्हापशाचं पेडे क्रीडासंकुल तासाभरावर आहे. तिथे हॉकीचं टर्फ आहे आणि २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतली हॉकी तिथेच झाली. रत्नागिरीकरांना आंबा घाट चढून साधारण १३० किलोमीटरवर कोल्हापूर. तिथे हॉकीची जुनी परंपरा आहे, मेजर ध्यानचंद स्टेडियम आहे. रायगडकरांना मुंबईत चर्चगेटचं महिंद्रा स्टेडियम जवळ पडतं.

आणि आपल्याकडे एक मैदान असं आहे जे घाटावरच्यांकडे नाही. समुद्रकिनारा. ओहोटीच्या वेळी दापोलीजवळच्या मुरूड-कर्द्यासारख्या किनाऱ्यांवर ओली वाळू इतकी घट्ट होते की त्यावर ड्रिबलिंग करता येतं, आणि पायांचा व्यायाम तर फुकटात. काही लीग आठवड्यातला एक दिवस किनाऱ्यावर ठेवतात. ठेवत असतील तर त्यांनी भरती-ओहोटी बघून वेळ ठरवली आहे का, हे तपासा. आपल्या दर्यावर्दींचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या सुमाराला. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा, वाळू मोकळी मिळते, आणि अष्टमीच्या आसपास नेमकी त्याच वेळी किनाऱ्यावर भरती असते. ‘दर रविवारी सकाळी सहाला बीचवर’ असं छापलेलं वेळापत्रक कोणीतरी पंचांग न बघता केलेलं आहे. मुलांनी पाण्यात उतरायचं नाही, हा नियम मात्र तिथी कोणतीही असली तरी हवाच. किनाऱ्यावरून आल्यावर स्टिक गोड्या पाण्याने पुसून सावलीत वाळवा, खारं पाणी ग्रिपची वाट लावतं.

सर कोण आहेत?

लीगचं नाव विसरा, मुलाला रोज शिकवणार कोण त्याचं नाव विचारा. पत्रकावर एखाद्या मोठ्या खेळाडूचा फोटो असतो आणि मैदानावर रोज गावातला दुसराच तरुण येतो. तो तरुण उत्तम शिकवत असेल, पण तुम्हाला कळायला हवं की तोच येणार आहे.

पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा किंवा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेले प्रशिक्षक ‘एनआयएस कोच’ म्हणून ओळखले जातात. हॉकी इंडियाचेही टप्प्याटप्प्याचे प्रशिक्षक अभ्यासक्रम आहेत. कागद असले तर चांगलंच. पण कोकणात हॉकी जगली ती शाळेतल्या क्रीडाशिक्षकांमुळे आणि जुन्या खेळाडूंमुळे, ज्यांच्याकडे असा कागद नसतो. म्हणून मी कागदापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवते. पैसे भरण्याआधी एक पूर्ण सत्र कडेला उभं राहून बघा. तशी परवानगी देत नसतील तर तिथे मूल घालू नका.

काय बघायचं? मुलं रांगेत किती वेळ उभी आहेत. २० मुलं, एक बॉल आणि एक लांब रांग असेल तर दोन तासांच्या सत्रात मुलाच्या वाट्याला दहा-बारा वेळा बॉल येतो. चांगले सर मुलांना चौघांच्या गटांत विभागतात आणि प्रत्येक गटाला वेगळा बॉल देतात. मुलगा चुकला तर सर काय करतात तेही बघा. ओरडतात, मैदानाला फेऱ्या मारायला लावतात, की जवळ जाऊन मनगट कसं फिरवायचं ते पुन्हा दाखवतात? सगळ्यात मागे पडलेल्या मुलाकडे सरांचं लक्ष जातं का? मी चांगली म्हटलेली लीग आमच्या शहरातल्याच एका शाळेच्या पटांगणावर होती. १४ मुलं, दोन शिक्षक, आठ बॉल. कपही नव्हता, टी-शर्टही नव्हता. पहिल्याच संध्याकाळी सरांनी लेकीला विचारलं, “तुला कुठे खेळायला आवडतं?” तिला आजवर कोणी हे विचारलंच नव्हतं. त्या जानेवारीत ती रिव्हर्स स्टिक, म्हणजे स्टिक उलटी फिरवून डावीकडचा बॉल खेळणं, शिकली.

मुलींच्या पालकांना, आणि मुलांच्याही, एक गोष्ट स्पष्ट सांगते. मैदानावर जबाबदार महिला आहे का, कपडे बदलायची आणि शौचालयाची सोय कशी आहे, निवासी शिबिरात रात्री मुलांबरोबर कोण असतं, हे संकोच न करता विचारा. प्रशिक्षकाने मुलाला एकट्याला गाडीवरून सोडणं, रात्री खासगी मेसेज करणं, एकांतात ‘मसाज’ देणं हे कधीच चालवून घेऊ नका. सगळे निरोप पालकांच्या ग्रुपवरच यावेत. मुलांच्या लैंगिक संरक्षणासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे आणि चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे. मुलाला तो पाठ असू द्या. ज्या आयोजकांना या प्रश्नांचा राग येतो, त्यांच्याकडे मूल पाठवू नका.

सामान: कमी घ्या, पण हे नक्की घ्या

स्टिक महागडी नको. स्टिक मुलाच्या पायाला लावून उभी धरली तर वरचं टोक साधारण कमरेच्या हाडापर्यंत यावं. ‘वाढत्या अंगाचं आहे, दोन वर्षं पुरेल’ म्हणून मोठी घेतली तर मूल ती उचलून फिरवू शकत नाही आणि सगळी सवय वाकडी लागते. पहिल्या वर्षी लाकडी किंवा कमी कार्बनची स्टिक पुरते. आपल्याकडच्या बऱ्याच स्टिक जालंधरला बनतात आणि लाकडी स्टिकसाठी परंपरेने तुतीचं लाकूड वापरतात.

मूल डावखुरं असेल तरी स्टिक तीच. हॉकीत डाव्या हाताची वेगळी स्टिक नसते. सपाट बाजू एकच असते आणि मागच्या गोल बाजूने बॉल खेळायचा नाही. डावा हात वर, उजवा खाली, सगळ्यांना सारखंच. स्टिक फिरवण्याचं काम मुख्यतः वरचा डावा हात करतो, म्हणून डावखुऱ्या मुलाचं काही बिघडत नाही.

शिन गार्ड आणि माउथगार्ड यांत मात्र काटकसर नाही. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचे माउथगार्ड फार महाग नसतात. बूट मातीवर रबरी खुंट्यांचे चालतात, टर्फला बारीक खुंट्यांचे वेगळे लागतात. गोलकीपरचं पूर्ण सामान, म्हणजे हेल्मेट, छातीचं कवच, पॅड, किकर (बुटांवरचं कवच), हातमोजे, आयोजकांनी द्यायचं. ते पूर्ण नसेल तर तुमचं मूल गोलमध्ये उभं राहणार नाही, असं सरांना आधीच सांगा. पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल समोरच्या संघाला गोलजवळ मिळणाऱ्या फटक्याच्या वेळी, बचाव करणाऱ्यांसाठी फेस मास्क आहेत का तेही विचारा.

ऊन, दमट हवा आणि पहिला पाऊस

कोकणात पारा विदर्भासारखा चढत नाही म्हणून फसायला होतं. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी दमट असते की घाम सुकतच नाही, आणि घाम सुकला नाही की अंग थंड होत नाही. सत्र सकाळी साडेसहा ते साडेआठ किंवा संध्याकाळी पाचनंतर हवं. सकाळी दहा ते बारा ठेवणाऱ्या शिबिराला नाही म्हणा. दर वीस मिनिटांनी पाणी प्यायची सुट्टी असावी. घरून मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत किंवा शहाळ्याचं पाणी द्या. सकाळी जाण्यापूर्वी पेज पोटात असली की मूल टिकतं. मूल अडखळू लागलं, बोलणं गोंधळलं, अंग तापलं तर सावलीत नेऊन, ओल्या कापडाने अंग पुसत लगेच दवाखाना गाठायचा. हे सरांना माहीत आहे का? प्रथमोपचार पेटी आणि बर्फ कुठे आहे, जवळचं रुग्णालय कोणतं, १०८ ची रुग्णवाहिका तिथवर पोचते का? दात पडला तर तो दुधात घालून तासाभरात दंतवैद्याकडे न्यायचा, हेही सांगून ठेवा.

मे संपताना वीज-गडगडाट सुरू होतो. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवून पक्क्या छताखाली जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मैदानावर परतायचं नाही. झाडाखाली तर मुळीच उभं राहायचं नाही. पावसाच्या साचलेल्या पाण्यात पायाला जखम घेऊन खेळणं इथे विशेष धोक्याचं, कारण आपल्या भागात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण दर पावसाळ्यात निघतात. खेळून आल्यावर पाय साबणाने धुवायचे, आणि त्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना ‘चिखलात खेळला होता’ हे आवर्जून सांगायचं.

पैसे, कागद, प्रवास

शुल्क किती यापेक्षा खेळाच्या एका तासाला किती पडतं ते काढा. समजा एक शिबिर दहा दिवसांचं, रोज दोन तास, शुल्क ३,००० रुपये. दुसरं सहा आठवड्यांचं, आठवड्यात दोन दिवस दीड तास, शुल्क १,८००. पहिलं तासाला १५० रुपयांनी पडतं, दुसरं १०० रुपयांनी. त्यात एसटीचं भाडं, बाहेरचं खाणं, तुमचा बुडालेला रोज मिळवा. बऱ्याचदा जवळची, साधी, लांब चालणारी लीग जिंकते. शुल्क परवडत नसेल तर सवलत मागा, अनेक ठिकाणी ती मिळते, पण न मागता कोणी देत नाही.

जन्मदाखला, आधार आणि शाळेचं बोनाफाइड यांच्या प्रती तयार ठेवा. वय कमी दाखवून खालच्या गटात खेळवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पुढे शालेय स्पर्धेत दाखला तपासला जातो आणि मुलाचं नाव कायमचं खराब होतं. ‘आमच्या प्रमाणपत्रावर दहावीला सवलतीचे गुण मिळतात’ असं खासगी लीगवाल्यांनी सांगितलं तर आधी शाळेच्या क्रीडाशिक्षकांना किंवा जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा. ते गुण शासनाच्या आणि मान्यताप्राप्त संघटनांच्या ठरावीक स्पर्धांनाच असतात.

बाहेरगावी पाठवायचं असेल तर परतीची गाडी आधी बघा, जाण्याची नंतर. संध्याकाळी साडेसहाला सत्र सुटतं आणि वाडीवर जाणारी शेवटची एसटी सहाला गेलेली असते, असं होऊ नये. तीन-चार पालकांनी मिळून एक रिक्षा किंवा वडाप ठरवली की खर्च वाटला जातो आणि मूल एकटं राहत नाही.

पहिले पंधरा दिवस

नाव घातल्यावर दोन आठवडे नुसतं बघा. मूल सकाळी स्वतःहून उठतं का? घरी अंगणात स्टिक घेऊन काही करून दाखवतं का? तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘पाय दुखतात’ म्हणणं साहजिक आहे. पण दहाव्या दिवशीही पोटात दुखतं, सरांचं नाव काढलं की गप्प होतं, तर कारण शोधा आणि गरज पडली तर काढून घ्या. भरलेले पैसे गेले तर गेले. बोलायचं असेल तर सत्र संपल्यावर सरांना बाजूला घेऊन बोला. कडेवरून ‘मार, मार’ ओरडू नका, मूल सरांकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघायला लागतं.

लीग संपली की स्टिक माळ्यावर टाकू नका. जूनच्या ओलीत लाकडी स्टिक फुगते आणि ग्रिपला बुरशी येते. ग्रिप पुसून, स्टिक स्वयंपाकघराजवळच्या कोरड्या कोपऱ्यात उभी ठेवा. आणि बाहेर पाऊस कोसळत असताना पडवीत फरशीवर टेनिसचा बॉल आणि चार रिकाम्या नारळाच्या करवंट्या मांडून रोज पंधरा मिनिटं त्यांच्यामधून बॉल नेऊ द्या. जुलैत जिल्ह्याची फेरी लागेल तेव्हा मैदान ओलंच असणार, पण मनगटाची सवय मोडलेली नसेल.